राजीनाम्यावर सही करण्याआधी हिशेब मांडा

प्रश्न : अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी १९ वर्षे पर्मनंट आहे. वय ४६. आमची स्विच असेंब्लीची लाईन व्हिएतनामला चालली आहे, बाकी कारखाना चालू राहणार. एचआरने एकेकाला केबिनमध्ये बोलावून स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म दिला : ग्रॅच्युइटीसकट सहा लाख, सही शुक्रवारपर्यंत. माझं बेसिक-डीए मिळून २६,००० आहे. भाचा मिशिगनला असतो. तो म्हणतो, तिकडे काम परदेशी गेलं की सरकार पैसे देतं, नवं शिक्षणही देतं. आपल्याकडे असं काही आहे का? आणि लाईनवरच्या ठेकेदारीच्या पोरांचं काय? — एक वाचक, सिडको

उत्तर : भाऊ, भाच्याची माहिती खरी आहे, पण जुनी. अमेरिकेत १९६२ साली केनेडींच्या काळात अशी योजना सुरू झाली. पुढे तिचं रूप असं झालं, की तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी श्रम खातं चौकशी करायचं. काम आयातीमुळे किंवा परदेशात हलवल्यामुळे गेलं असं ठरलं, की प्रशिक्षणाचा खर्च आणि बेकारी भत्ता संपल्यावरही मदत. पन्नाशीच्या माणसाला कमी पगाराची नोकरी धरावी लागली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार भरायचं. पन्नाशीतल्या माणसाला सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) शिका म्हणणं सोपं असतं, त्याचा घरहप्ता कोणी धरत नाही. म्हणून ही तरतूद मला शहाणपणाची वाटते. पण तिथल्या संसदेने मुदत वाढवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणं थांबलं.

आपल्याकडे अशी वेगळी योजना नाही. मशीन व्हिएतनामला गेलं की नगरकडच्या सुप्याला, याच्याशी आपल्या कायद्याला देणंघेणं नाही. तुम्ही स्वतः गेलात की तुम्हाला काढलं, एवढंच तो बघतो. एचआरला फॉर्मची घाई आहे ती त्यासाठीच.

कागद-पेन घ्या. ग्रॅच्युइटी कशीही निघालात तरी तुमचीच : २६,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५,०००. १९ वर्षांचे २,८५,०००. कपात झाली, म्हणजे काम उरलं नाही म्हणून कंपनीने काढलं, तर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई वेगळी. दिवसाचा पगार महिन्याला तीसने भागून कमीत कमी धरला तरी १३,००० गुणिले १९, म्हणजे २,४७,०००. महिन्याची नोटीस किंवा तिचे २६,०००. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला पुनर्कौशल्य निधीतून (नवं काम शिकण्यासाठीचा, कंपनीनेच भरायचा निधी) आणखी १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यात जमा करायचा आहे, ते १३,०००. ही रक्कम पाठपुरावा केल्याशिवाय हातात पडेल असं मला वाटत नाही, पण हक्काची आहे. बेरीज ५,७१,०००.

म्हणजे सहा लाखांत कंपनीच्या खिशातून जास्तीचे जातात २९,०००. एवढ्यासाठी १९ वर्षांची नोकरी 'स्वखुशीने' सोडल्याचं लिहून द्यायचं? मग कपातीचं भांडण उभंच राहत नाही.

लाईन जाते आणि कारखाना राहतो, ही कारखानाबंदी नाही, कपात आहे. कपातीत एकाच प्रकारच्या कामगारांत शेवटी आलेला आधी जातो. दुसऱ्या लाईनवर तुमच्याच कामावर सहा-सात वर्षांचे लोक ठेवून तुम्हाला काढत असतील, तर कारण त्यांनी द्यायचं. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर पहिला हक्क तुमचा. कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी आधी लागते. पे-स्लिपवर तुम्हाला 'टीम लीडर' वगैरे केलंय का, तेही बघा. महिना १८,००० वर पगाराचा सुपरवायझर या कायद्यात कामगार धरला जात नाही. पण ते हुद्द्याच्या नावावर ठरत नाही, रोज हाताने काय काम करता त्यावर ठरतं.

शुक्रवारी सही करू नका. फॉर्म घ्या, 'विचारार्थ मिळाला' एवढंच लिहून द्या आणि युनियन असेल तर सगळ्यांनी मिळून बसा. स्वेच्छानिवृत्ती वाईटच असते असं नाही. कायद्याने मिळणाऱ्या रकमेच्या वर उरलेल्या नोकरीच्या दर वर्षामागे काही मिळत असेल, तर तुमच्या वयाला विचार करण्याजोगी आहे. आकडा मात्र त्यांनी लेखी फोडून द्यावा, ग्रॅच्युइटी वेगळी दाखवून. पीएफचं थोडक्यात : दहा वर्षे केव्हाच झालीत, पेन्शनचा हक्क बसलाय. नवीन ठिकाणी जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या.

ठेकेदारीच्या पोरांची गोष्ट उलटी आहे. ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची, पगाराची मर्यादा २१,००० असल्याने तुम्ही त्यात नाही, ती पोरं बहुतेक आहेत. कपातीमुळे नोकरी गेली आणि किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत पहिलं वर्ष निम्मा पगार, दुसरं वर्ष पाव पगार आणि दवाखाना मिळतो. कपात सिद्ध होत नसेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत आयुष्यात एकदा ९० दिवसांपर्यंत निम्मा पगार. तिची मुदत अधूनमधून वाढवली जाते, म्हणून ईएसआयच्या शाखेत आधी विचारून घ्यावं. अडचण ठेकेदाराची. तो 'उद्यापासून येऊ नको' म्हणतो, कागद देत नाही. तेव्हा गेट-पास जमा करण्याआधी पोरांनी हजेरीचे आणि पगाराचे फोटो काढावेत, ईएसआय नंबर लिहून ठेवावा आणि काढल्याचं पत्र ठेकेदाराकडे लेखी मागावं. दिलं नाही तर तीच मागणी कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात द्यावी, पोच घेऊन.