लंडनला येण्याआधी मुंबईत काय शिकून यावे

बीकेसीतील बँकेत प्रकल्पकर्जाच्या विभागात सहा वर्षे काम केल्यानंतर लंडनला येऊन सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी घ्यावी का, आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेच्या वित्तपुरवठ्यात धोरणाच्या बाजूचे काम मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. मीही मुलुंडहून याच वाटेने अकरा वर्षांपूर्वी आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

काम मिळते, पण ते केवळ पदवीवर मिळत नाही. मार्क कार्नी यांनी आधी गुंतवणूक बँकेत बरीच वर्षे काढली, मग कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेचे आणि २०१३ पासून बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नरपद सांभाळले. २०१५ साली लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारात विमा व्यावसायिकांसमोर त्यांनी हवामानबदल हा वित्तीय स्थैर्याचा प्रश्न म्हणून मांडला. माझ्या मते बाजाराने ते ऐकले, कारण बोलणाऱ्याने जोखीम आतून पाहिलेली होती.

तुमची खरी पुंजीही तीच आहे. इथल्या पवनऊर्जा प्रकल्पांना २०१३ च्या ऊर्जा कायद्याने आलेल्या करारांचा आधार आहे: बाजारभाव ठरलेल्या दराखाली गेला तर फरक उत्पादकाला मिळतो, वर गेला तर त्याला तो परत करावा लागतो. उत्पन्नाची अशी खात्री असली की कर्ज स्वस्त होते, आणि सौर व पवन प्रकल्पांत बहुतेक खर्च सुरुवातीलाच होत असल्यामुळे विजेचा दर मोठ्या प्रमाणात व्याजावरच ठरतो. आपल्याकडे मात्र पंचवीस वर्षांचा वीजखरेदी करार हातात असूनही बँक विचारते, की वितरण कंपनी उत्पादकाचे बिल कधी चुकते करणार? २०२२ च्या विलंब अधिभार नियमांमुळे जुनी थकबाकी हप्त्यांनी फेडण्याची चौकट आली, तरी तो प्रश्न कर्जाच्या प्रस्तावातून गेलेला नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. इथल्या माझ्या पहिल्या मुलाखतीचा निम्मा वेळ याच विषयावर गेला.

म्हणून निघण्यापूर्वी एक वर्ष महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे दर-आदेश नेटाने वाचा, जनसुनावण्यांत ग्राहक प्रतिनिधी कशाला हरकत घेतात ते ऐका, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीला दिवसा वीज देण्याचा हिशोब कसा बसवला आहे ते समजून घ्या. मी हे केले नाही, आणि ती उणीव मला इथे फार जाणवली.

व्हिसाची तारीख मात्र नीट पाहा: १ जानेवारी २०२७ पासून पदवीधर व्हिसासाठी (शिक्षणानंतर इथे राहून काम करण्याच्या परवान्यासाठी) अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत. काम करण्याचा परवाना असल्यास राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून ब्रिटिश शासनातील बहुतेक पदांसाठी तुम्हाला अर्ज करता येतो. पुष्कळ भारतीयांना हे ठाऊकच नसते. बँकेत बिनपगारी अभ्यासरजेची सोय असेल, तर राजीनाम्याआधी तिचा अर्ज जरूर करा.