सीमेला कुंपण असूनही लोक चोरून पलीकडे कसे जातात? भूगोलाचा काय संबंध?

सोलापूरकरांना भीमेवरून लगेच कळेल. टाकळीच्या पुलाखालची नदी म्हणजे आपली आणि कर्नाटकची हद्द. उजनीतून पाणी सोडलं की पात्र तुडुंब, उन्हाळ्यात आटलं की हवं तिथून पायी पलीकडे. (इथं अडवणारं कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.)

भारत-बांगलादेश सीमा सुमारे ४,०९६ किमी आहे. आसामात धुबरीजवळ ब्रह्मपुत्रेतली वाळूची बेटं, म्हणजे चर, पुरात सरकतात, झिजतात, नवी तयार होतात. खांब रोवायचा कशात? म्हणून तिथं बोटी, कॅमेरे, सेन्सर. त्यात १९७५ च्या सहमतीनुसार सीमारेषेपासून १५० यार्डांत संरक्षणासाठीचं बांधकाम करता येत नाही. त्यामुळे कुंपण आत सरकतं, काही शेतं त्याच्यापलीकडे राहतात आणि शेतकऱ्यांसाठी फाटकं ठेवावी लागतात. कुंपणातली ही कायमची फट.

काश्मिरात हिशेब ऋतूचा: हिवाळ्यात उंच खिंडी बर्फानं बंद, बर्फ वितळलं की पहारा वाढवावा लागतो.

कुंपणानं माणूस थांबतोच असं नाही, बऱ्याचदा वाट बदलतो. अमेरिकेनं १९९० च्या दशकात मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासो, सॅन दिएगो या शहरांजवळ पहारा कडक केला, तेव्हा लोक ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळले. तिथं पाणी नाही, अंतर मोठं. उष्माघातानं मृत्यू वाढले.