सासऱ्यांना दिसत नाही. बडोद्यात नवीन टीव्ही घेऊन ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ (पडद्यावर काय घडतंय ते बोलून सांगणारी सोय) चालू केलं, तरी मराठी मालिकेत वर्णन ऐकू येत नाही. टीव्ही खराब आहे का?

नाही, टीव्ही चांगला आहे. वर्णनाचा आवाज टीव्ही स्वतः तयार करत नाही, तो कार्यक्रमाबरोबर वेगळ्या ट्रॅकवर यावा लागतो, आणि केबल-डिशवरच्या आपल्या मालिकांबरोबर तो सहसा येतच नाही. सेटिंगमधलं बटण फक्त आलेला ट्रॅक वाजवतं. दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीलाही दिसत नाही, तिच्या टीव्हीवर मीच हे लावून दिलंय. तिथे चालतं ते असं: नेटफ्लिक्सवर सिनेमा सुरू करा, ऑडिओ-सबटायटलच्या यादीत जा आणि भाषेच्या नावापुढे ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ लिहिलेला पर्याय निवडा. मग दोन संवादांच्या फटीत निवेदक सांगत जातो, ‘ती पत्र फाडते, खिडकीशी जाते.’ मात्र हा ट्रॅक प्रत्येक सिनेमाला नसतो, असला तर बहुधा इंग्रजीत, कधी हिंदीत. मराठीची आशा धरू नका. सॅमसंगवरचं ‘व्हॉइस गाइड’ किंवा अँड्रॉइड टीव्हीवरचं ‘टॉकबॅक’ ही निराळी सोय, ती मेनू वाचून दाखवते. तीही चालू करा (सुरुवातीला बडबड वाटेल), म्हणजे सासऱ्यांना सिनेमा लावायला दर वेळी कुणाला हाक मारावी लागणार नाही.