वाचकांचे प्रश्न : बोट आली की बाजार

ग्रेट निकोबार म्हणजे भारताचं दक्षिणेकडचं शेवटचं बेट. क्षेत्रफळ 900 चौ. किमीहून थोडं जास्त, वस्ती सुमारे 8 हजार, तीही मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, कॅम्पबेल बे आणि त्याच्या दक्षिणेच्या गावांत. 1969 पासून सरकारने इथे माजी सैनिकांची सुमारे 330 कुटुंबं वसवली. त्यांत महाराष्ट्रातलीही होती. बेटाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

यजमानांची बदली कॅम्पबेल बेला झाली आहे. दोन मुलांना घेऊन जाणार आहोत. प्रवास कसा करायचा आणि बरोबर काय न्यायचं? (एक वाचक, सातारा)

ताई, पोर्ट ब्लेअरपर्यंत (आताचं नाव श्रीविजयपुरम) विमान आहे. तिथून पुढे सुमारे 540 किमी समुद्र. बोट थेट गेली तर दीड दिवसाच्या आसपास, कार निकोबार, कामोर्टा, कच्छल करत गेली तर दोन-अडीच दिवस. हेलिकॉप्टर आहे, पण जागा मोजक्या, रुग्णांना आधी आणि सामान अगदी थोडं. बिऱ्हाड हलवायला ते कामाचं नाही.

बोटीचं वेळापत्रक हवामान बघून बदलतं, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये चार-पाच दिवस हाताशी ठेवा आणि परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. तिकीट बंकचंच घ्या, बोटीच्या मधल्या भागातलं मिळालं तर उत्तम. टोकाला हेलकावे जास्त बसतात. लिटल अंदमान सोडल्यावर दहा अंशांची खाडी (टेन डिग्री चॅनेल, अंदमान आणि निकोबार यांच्यामधला समुद्रपट्टा) लागते. मे ते सप्टेंबर ती चांगलीच खवळलेली असते. उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, बोट सुटण्याआधी तासभर घ्यायची. मुलांचा डोस डॉक्टरांना विचारून ठरवा.

भांडीकुंडी फार नेऊ नका. न्यायची ती अडणारी छोटी वस्तू : कुकरच्या दोन-तीन रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, मिक्सरचं कपलर, नेहमीची औषधं तीन महिन्यांची, चष्म्याची जादा जोडी, प्रत्येक पलंगाला मच्छरदाणी. बेटावर मलेरिया आहे, मच्छरदाणी हौसेची नाही. कांदे, बटाटे, अंडी बोटीने येतात. बोट लांबली की बाजार रिकामा होतो, म्हणून घरात वीस दिवसांचा कोरडा शिधा कायम असावा. पण सहा महिन्यांचा एकदम भरू नका : त्या दमट हवेत रव्याला महिन्याभरात जाळ्या धरतात, पोहे सादळतात, मिठाला पाणी सुटतं. लहान लहान, घट्ट झाकणाचे डबे करा.

बारावीपर्यंत शाळा तिथे आहे, पुढच्या शिक्षणाला पोर्ट ब्लेअर किंवा मुख्य भूमी. आरोग्य केंद्र आहे, मोठ्या उपचारांना पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं. घरात दिवस गेलेले असतील किंवा हृदयाचा रुग्ण असेल, तर निघण्याआधीच डॉक्टरांशी नीट बोला. 2020 पासून समुद्राखालची केबल आल्यामुळे इंटरनेट पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं झालंय. आणि एक कोणी सांगत नाही ते : घड्याळ आपलंच, पण सूर्य मुंबईपेक्षा सव्वा तासाहून थोडा जास्तच पुढे. नोव्हेंबरात पाचच्या आधीच मावळतो. मुलांचं खेळणं-अभ्यासाचं गणित पहिल्या महिन्यात कोलमडणार, हे धरून चाला.

मोठं बंदर होणार म्हणतात. आत्ताच जमीन घेऊन ठेवावी का? एक दलाल टोकन मागतो आहे. (एक वाचक, पिंपरी)

टोकन देऊ नका. अंदमान-निकोबारमध्ये जमिनीची मूळ मालकी सरकारची. वसाहतकऱ्यांना ती अटींवर दिलेली असते आणि हस्तांतराला महसूल खात्याची परवानगी लागते. बेटाचा मोठा भाग आदिवासी राखीव क्षेत्र आहे. तिथे 1956 च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीनुसार बाहेरच्याला परवान्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही, मग जमीन घेणं दूरच. शोंपेन आणि निकोबारी लोकांचं ते घर आहे. त्यांचे फोटो काढण्याचा ‘साहसी’ बेतही मनातून काढून टाका, तो गुन्हा आहे.

प्रकल्प कागदावर प्रचंड आहे : गलाथिया उपसागरात वर्षाला 1 कोटी 42 लाख कंटेनरांच्या क्षमतेचं बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर, मिळून 166 चौ. किमी. त्यातलं सुमारे 130 चौ. किमी जंगल आहे. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर 2022 मध्ये मिळाली. आक्षेप हरित लवादापुढे गेले, कोलकाता उच्च न्यायालयापुढेही गेले. ज्या उपसागरात बंदर आखलंय, तिथेच चामड्या पाठीची महाकाय कासवं अंडी घालायला येतात. अशा प्रकल्पाच्या तारखेवर घरची पुंजी लावणं म्हणजे नदी दिसायच्या आधी जोडे काढणं. वेल्डर, वायरमन, जड यंत्रांचा चालक अशी कामं निघतील, पण त्यासाठी हातात कसब लागतं, सात-बारा नाही.

आमचं कुटुंब आजोबांपासून इथे आहे. खोबऱ्याला बुरशी धरते, काळं पडतं, व्यापारी भाव पाडतो. नारळ तसेच पाठवावेत का? (एक वाचक, कॅम्पबेल बे)

तसेच पाठवू नका. सोडणासकट (वरच्या काथ्याच्या सालीसकट) नारळ किलोभर भरतो आणि त्यातून सुकं खोबरं निघतं साधारण दीडशे ग्रॅम. बाकीचं भाडं तुम्ही सोडणाचं आणि पाण्याचं भरता. खोबरंच करा, पण नीट.

तुमच्याकडे वर्षाला 3,000 मिमीच्या वर पाऊस, दोन्ही मोसमांचा. भरवशाचं ऊन जानेवारी ते एप्रिल. खोबरं बिघडतं त्याची मुळं बहुधा तीन. पहिलं, कोवळा नारळ. अकरा-बारा महिन्यांचाच पाडा आणि न सोलता तीन-चार आठवडे सावलीत राहू द्या. आतलं पाणी आटतं, खोबरं घट्ट होतं. कोवळ्याचं खोबरं रबरासारखं राहतं, कितीही वाळवा.

दुसरं, फोडून ठेवलेली वाटी. ओल्या खोबऱ्यात निम्मं पाणी असतं. फोडल्यावर तीन-चार तासांत ऊन किंवा धग मिळाली नाही की ते बुळबुळीत होतं, आणि तो पिवळा चिकटा नंतर जात नाही. म्हणून वाळवायची सोय असेल तेवढेच नारळ फोडा, तेही सकाळी. वाट्या आधी उपड्या घालून पाणी निथळू द्या, मग उताण्या करा. दोन दिवसांच्या कडक उन्हात खोबरं करवंटीपासून सुटतं. ते काढून आणखी चार-पाच दिवस वाळवा. रात्री झाकायचं, पण थेट प्लास्टिकने नव्हे. आतून दव धरतं.

तिसरं, भट्टीची घाई. पावसाळ्यात भट्टी लागतेच, पण सोडण जाळलं की धूर होतो आणि खोबरं तपकिरी पडून धुराचा वास धरतं. भाव तिथेच पडतो. कोरड्या करवंट्या जाळा. एकात एक खोचून त्यांच्या लांब रांगा लावा आणि एका टोकाला पेटवा. वातीसारख्या सरकत जळतात, धूर नावालाच. धग 60-70 अंशांच्या आसपास असू द्या. 80 च्या वर गेली की वरची साल कडक होते आणि ओल आत कोंडते. बाहेरून झकास दिसणारं खोबरं पोत्यात पंधरा दिवसांत हिरवं होतं ते यामुळेच.

ओल 6 टक्क्यांवर आली पाहिजे. यंत्र नसेल तर तुकडा मोडून पाहा : कट्‌कन तुटला तर झालं, वाकला तर परत पसरा. पोतं गोणपाटाचं हवं, खाली फळ्या, भिंतीपासून वीतभर लांब. पोतं धक्क्यावर बोटीची वाट बघत भिजणार असेल तर आधीची सगळी मेहनत फुकट, म्हणून ताडपत्री वरून आणि खालूनही.

बागेत मेलेले माड पडून असतील तर तोडून जाळा, गेंड्या भुंगा कुजक्या खोडातच वाढतो. उंदीर चढत असतील तर खोडाला माणसाच्या उंचीच्या वर फूटभर रुंद पत्र्याचा पट्टा गुंडाळा.

पिण्याचं पाणी आणि सुनामीची भीती, या दोन्हींविषयी सांगा. (एक वाचक, रत्नागिरी)

पाण्याचा हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 40 चौ. मीटर पत्र्यावर 10 मिमी सर आली की 400 लिटर, सांडलवंड वजा जाता 300 च्या वर. उघडिपीनंतरचं पहिलं 40-80 लिटर पाणी सोडून द्या, त्यात पक्ष्यांची घाण आणि गंज असतो. टाकीच्या तोंडाला डासांची जाळी हवी. माणशी 5 लिटर धरलं तर पिण्या-स्वयंपाकाला चौघांना हजार लिटर पन्नास दिवस पुरतं. ते उकळूनच प्या.

26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात बेटाचं दक्षिण टोक सुमारे सव्वाचार मीटर खचलं. त्या टोकावरचा, इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ आता पाण्यात उभा दिसतो. सुमात्रा तिथून जेमतेम दीडशे किमी. उगम इतका जवळ असला तर हैदराबादच्या सुनामी इशारा केंद्राचा इशारा हातात पडायलाही वेळ अपुरा ठरू शकतो. उभं राहता येणार नाही असा, किंवा बराच वेळ न थांबणारा हादरा बसला की कशाचीही वाट न बघता चढाला लागायचं, पायी. गाडी काढायची नाही, किनाऱ्यालगतचा रस्ता तुंबतो किंवा खचलेला असतो. पहिल्या लाटेनंतर खाली यायचं नाही, पुढच्या लाटा काही तासांपर्यंत येत राहतात आणि पहिलीपेक्षा मोठ्या असू शकतात.