‘खोटी गाठ’ म्हणू नका

ठाण्याहून विचारणा आली आहे: वडिलांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये डाव्या किडनीपुढे ‘कॉलम ऑफ बर्टिन, स्यूडोट्यूमर’ असं लिहिलंय. घरी ‘खोटी गाठ’ म्हणून सांगितलं, तर आजींना वाटलं रिपोर्टच खोटा. मग मराठीत म्हणायचं काय?

आजींचं चुकलं नाही. ‘स्यूडो’ म्हणजे खोटा हे खरं, पण मराठीत खोटी सही, खोटं नाणं, खोटी साक्ष म्हटलं की कुणीतरी फसवतंय हे आलंच. इथे फसवणारं कुणी नाही. किडनीचा बाहेरचा थर आतल्या पिरॅमिडांच्या, म्हणजे सुळक्यासारख्या भागांच्या, मधल्या फटींत खांबासारखा उतरतो. बर्टिन या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात त्याचं वर्णन केलं. एखादा खांब जाड असला की सोनोग्राफीत गोळा दिसतो. पण किडनीची कड फुगलेली नसते, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरमध्ये रक्तवाहिन्या नेहमीच्या वाटेनेच जातात आणि डाय देऊन सीटी केला तर तो भाग शेजारच्या थराइतकाच उजळतो. गाठ मुळात नाहीच, म्हणून ‘गाठीचा भास’ हा शब्द चपखल बसतो.

फुफ्फुसातल्या ‘हॅमार्टोमा’ या कॅन्सर नसलेल्या गाठीला मात्र हा शब्द लावू नये. तिथे गाठ खरोखर असते. ग्रीक ‘हमार्टिया’ म्हणजे चूक. त्यावरून आल्ब्रेख्ट या जर्मन रोगनिदानतज्ज्ञाने १९०४ मध्ये हे नाव पाडलं. कूर्चा, चरबी असं साधंच सामान, मांडणी तेवढी चुकलेली. सीटीत चरबी दिसली किंवा मक्याच्या लाहीसारखे कॅल्शियमचे पुंजके दिसले की ओळख बरीच पक्की होते.

अशा गाठीला पुस्तकं ‘सौम्य’ म्हणतात, आणि मला तो शब्द घातक वाटतो. सौम्य ताप म्हणजे ताप आहेच, फक्त कमी. तसंच ‘सौम्य ट्यूमर’ ऐकणाऱ्याच्या कानात ‘थोडासा कॅन्सर’ होतो. खारघरला टाटाचं कॅन्सर केंद्र असल्यामुळे नवी मुंबईत ‘एकदा खारघरला दाखवून घ्या’ एवढ्यानेही घर हादरतं. तिथे शब्द तोलूनच वापरायला हवा. लोकांच्या तोंडी असलेला ‘साधी गाठ’ हाच उत्तम. ट्यूमरसाठीचा ‘अर्बुद’ परिभाषेत शोभतो, पण स्वयंपाकघरात कुणाला कळणार?

आजींना सांगा, ‘किडनीचाच एक भाग जरा जाड आहे, म्हणून गाठीचा भास होतो.’ मात्र रिपोर्टखाली ‘सीटी करून खात्री करावी’ अशी ओळ असेल, तर तोवर ‘गाठीसारखं काही दिसतंय, तपासायचंय’ इतकंच म्हणा.