शाळेच्या वर्गात जात आणि आरक्षण असे विषय काढावेत का? पालकांनी कुठवर हरकत घ्यावी?

आपण लिहिले आहे की, सातवीतल्या आपल्या मुलाच्या वर्गात शिक्षकांनी जातिभेदावर चर्चा घेतली, त्या संध्याकाळी मुलाने घरी येऊन 'आपली जात कोणती' असे विचारले आणि शाळेने असल्या राजकीय विषयांपासून दूर राहावे असे आपल्याला वाटू लागले. मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत २६ वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. हे विषय वर्गात असलेच पाहिजेत, असे माझे मत आहे, आणि त्यामागे एक प्रसंग आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. तिथल्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा' अशी नोंद आजही आहे. २०१७ पासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आमच्याकडे त्या दिवशी प्रतिमेला हार घातला जाई आणि मुले पाठ केलेली भाषणे म्हणत. मात्र हा भिवा वर्गात वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर का बसे, हे कोणत्याही भाषणात येत नसे. २०१८ साली कार्यक्रम माझ्याकडे आला, तेव्हा मी सातवीच्या मुलांना आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला. त्यात देऊळ, पाण्याची टाकी, जुना आड, स्मशानभूमी आणि प्रत्येक आळी, प्रत्येक वस्ती दाखवायची होती. जात हा शब्द मी उच्चारलाही नव्हता.

एका मुलीच्या नकाशात दोन स्मशानभूमी होत्या. एकीवर पत्र्याची शेड काढलेली होती आणि दुसरी ओढ्याच्या काठी, उघडी. तिच्याच गावच्या एका मुलाने सर्वांदेखत तिची चूक काढली की, गावाला स्मशानभूमी एकच आहे. ती एवढेच म्हणाली, "आमची वेगळी आहे." त्या मुलाला हे खरोखरच ठाऊक नव्हते. मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि वेगळी का आहे, असे विचारू लागला. सातवीच्या नागरिकशास्त्राचे पुस्तक संविधानावरच आहे. त्यातले मूलभूत हक्कांचे प्रकरण मी दुसऱ्या दिवशी उघडले आणि अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट केलेली आहे, हे वाचून दाखवले. मग आपल्या गावात काय उरले आहे, हे मुलांनीच एकमेकांना सांगितले.

चार दिवसांनी काही पालक कार्यालयात आले. शाळा समितीची बैठक झाली, भिंतीवरचे नकाशे उतरवले गेले, माझ्याकडून लेखी खुलासा घेण्यात आला आणि पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. त्या बैठकीत मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, आपण पुस्तक शिकवायचं, गाव नाही शिकवायचं. मुलांच्या मनात नसलेली जात तुम्ही मनात घालता." मला त्या वेळी काहीही बोलता आले नाही. आपला प्रश्न वाचताना ते वाक्य मला पुन्हा जसेच्या तसे ऐकू आले.

मुलांच्या मनात जात नसते, हे खरे नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो. दरवर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची वेळ आली की वर्गात सूचना येते, नावे वाचली जातात, ती मुले उभी राहतात आणि त्यांना जातीचा दाखला आणायला सांगितले जाते. बसलेली मुले उभ्या राहिलेल्यांकडे पाहत असतात. हे मी २६ वर्षे पाहिले. याला राजकारण म्हणत एकही पालक कधी तक्रार घेऊन आला नाही. दाखला कशासाठी, सवलत कशासाठी, हे सांगू लागलेल्या शिक्षकाला मात्र खुलासा द्यावा लागतो. कारण न सांगता नुसती जात कळली, तर त्या मुलाला एवढेच कळते की, याला पैसे मिळतात आणि मला मिळत नाहीत.

राजकारणाचे म्हणाल, तर आमच्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि प्रतिसरकार शिकवताना मुलांच्या अंगावर काटा येतो आणि पालक कौतुक करतात. इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध गावोगाव समांतर कारभार उभा करणे हे राजकारण नव्हे, तर काय? त्या धड्यात अन्याय करणारा परका असतो, म्हणून तो कोणालाच टोचत नाही.

हे विषय बाहेरून वर्गात घुसवले जातात, असेही म्हटले जाते. १८५५ साली मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. सावित्रीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्या शाळेने मुलीला लिहायला शिकवले, आणि काय लिहायचे ते तिच्याजवळ आधीपासून होते, जसे माझ्या विद्यार्थिनीजवळ होते.

हरकती एकाच बाजूने येतात, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१२ साली अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातील आंबेडकरांवरील जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, ते चित्र काढले गेले आणि पुस्तकाच्या दोन्ही मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले. त्या वेळी मी स्वतः हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने होते. आज मला वाटते की, ते चित्र ठेवून त्यावर मुलांना भांडू द्यायला हवे होते.

आपण कुठवर हरकत घ्यावी, हे सांगायचे राहिले. शिक्षक एखाद्या पक्षाचा प्रचार करत असतील, कोणाला मत द्यावे हे सुचवत असतील किंवा स्वतःशी सहमत नसलेल्या मुलाचे गुण कापत असतील, तर अवश्य घ्यावी आणि लेखी घ्यावी. एखाद्या मुलाला त्याच्या जातीचा नमुना म्हणून वर्गापुढे उभे केले असेल, तरीही घ्यावी. ही चूक माझ्याकडूनही झाली. मी नकाशे नावांसह भिंतीवर लावले, आणि बैठकीनंतर कित्येक आठवडे ती मुलगी डबा एकटीच खात होती. तिने वर्गात हात वर करणे सोडले. तो दोष विषयाचा नव्हता, माझा होता.

तेव्हा मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी त्या शिक्षकांना भेटावे, पुस्तकातले पान पाहावे आणि मुलाने वहीत काय लिहिले आहे ते वाचावे. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घरीच, सरळ शब्दांत द्यावे आणि शेजारच्या मुलाला दाखला का आणावा लागतो, हेही सांगावे. माझ्या खुलाशाची प्रत अजून कपाटात आहे. आज तो पुन्हा मागितला, तर नकाशांवरची नावे झाकायला हवी होती, हे एक वाक्य मी वाढवीन आणि बाकीचा मजकूर तसाच ठेवीन.