मल्टीमीटरचा सेल दोन महिन्यांत संपतो, मीटर बिघडलाय का?

तुम्ही लिहिलंय की पिवळ्या मल्टीमीटरचा, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या हातातल्या मीटरचा, नऊ व्होल्टचा सेल दोन महिन्यांत बसतो, बॅटरीची खूण आल्यावरही तुम्ही पंधरा दिवस तसाच ओढता, आणि आता पेन्सिल सेलवर चालणारा मीटर घ्यावा का. मधलं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. ते आधी बंद करा. सेल किती दिवस पुरतो ते नंतर बघू.

मी पुण्यात वायरिंगची आणि पंपांची कामं करतो. सुरुवातीला ज्या काकांच्या हाताखाली होतो ते तपकीर गल्लीतून डझनभर सेल एकदम आणायचे, सगळ्यात स्वस्त असतील ते, आणि कुलपात ठेवायचे. नवा सेल मागितला की मीटरमधला जुना काढून त्याची दोन्ही टोकं जिभेला लावायचे. झिणझिण आली की सेल परत आत. "करंट आहे की अजून! महिनाभर बघायचं नाही."

मे महिन्यात कोथरूडच्या एका सोसायटीत गेलो. चौथ्या मजल्यावर टीव्ही उडाला होता, सप्लाय तपासायचा होता. खाली मीटररूममध्ये प्रोब, म्हणजे मीटरच्या टोकदार वायरी, लावले तर २७१ व्होल्ट, जिथे साधारण २३० यायला हवेत. दुसऱ्या फेजला २६९, तिसऱ्याला २७२. मला वाटलं न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, सुटला. घाबरून मेन पाडला, महावितरणला कळवायला सांगितलं आणि जिन्यात ओरडून सगळ्यांना फ्रिज, एसीची बटणं बंद करायला लावली. लिफ्टही बंद. पावणेदोन तास. त्यात सत्तरीचे एक आजोबा मंडईतून भाजी घेऊन आले आणि चढता चढता तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवरच बसले. शर्ट घामानं चिकटलेला, पिशवी पायाशी. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, "तू तुझं काम कर बाळा, तुझ्यामुळे वाचलो आम्ही."

मग महावितरणचा वायरमन आला. त्याच्या क्लॅम्प मीटरवर २३३, २३१, २३४. तो काही बोलला नाही. माझा मीटर हातात घेतला आणि नखानं डिस्प्लेचा कोपरा दाखवला. तिथे तिळाएवढी बॅटरी दिसत होती. समोरच्या किराणा दुकानातून सेल आणून घातला, त्याच फेजवर माझ्या मीटरनं २३२ दाखवले. न्यूट्रल खरंच सुटला असता तर एक फेज वर आणि दुसरी खाली गेली असती. तिन्ही सारख्याच वर होत्या, म्हणजे खोट मीटरमध्येच होती. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. संध्याकाळी काका म्हणाले, मीटरच खराब आहे, सेल तर जिभेला लागत होता. त्या दिवसाची मजुरी माझ्या पगारातून गेली.

असं का होतं? मीटर आतल्या एका ठरलेल्या व्होल्टेजशी तुलना करून आकडा काढतो. वाण्याकडचं किलोचं वजन घासून ९०० ग्रॅमचं झालं, तर तोच माल किलोपेक्षा जास्त भरतो. स्वस्त मीटरमध्ये बहुतेक ७१०६ जातीची चिप असते. सेल साधारण ७ व्होल्टच्या खाली उतरला की तिचं ते आतलं व्होल्टेज ढासळतं आणि आकडा फुगतो. डिस्प्ले मात्र ठणठणीत दिसत राहतो. ६ व्होल्टचा सेलही जिभेला झिणझिणतोच, जिभेला ९ आणि ६ यांतला फरक कळत नाही. सेल तपासायचा तर दुसऱ्या चांगल्या मीटरनं तपासा.

आता तुमचे दोन महिने. असा मीटर चालू असताना १ ते २ मिलिअँपिअर खातो. चांगल्या अल्कलाइन नऊ व्होल्टच्या सेलमध्ये साधारण ५०० मिलिअँपिअर-अवर असतात, म्हणजे १ मिलिअँपिअरनं ५०० तास, स्वस्त झिंक-कार्बनमध्ये त्याहून कमी. म्हणजे नॉब चालू राहिला तर फार तर वीस दिवस. तुमच्या मीटरला आपोआप बंद व्हायची सोय नसावी, आणि रात्री दोन-चारदा नॉब तसाच राहत असेल. बॅकलाइट असेल तर तो एकटाच मीटरच्या बाकी सगळ्या भागांपेक्षा जास्त खातो. मीटर बिघडलाय अशी शंकाच असेल तर सेल आणि क्लिपच्या मध्ये दुसरा मीटर मिलिअँपिअरवर लावून बघा. नॉब ऑफवर असताना शून्य यायला हवं.

पेन्सिल सेलवाला जरूर घ्या. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये २००० मिलिअँपिअर-अवरच्या वर भरतात आणि पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. पण ते पाझरतात. मीटर दोन-तीन महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी धरते आणि पत्रा खाऊन टाकते. नऊ व्होल्टचा मीटर म्हणजे हलका, असंही समजू नका. फ्लूक कंपनीचा ८७ व्ही हा भारीतला मीटरही त्याच चौकोनी सेलवर चालतो आणि कंपनी त्याला साधारण ४०० तास सांगते.

हो, सगळेच मीटर सेल बसल्यावर जास्त दाखवतात असं नाही. काही कमी दाखवतात, काही नुसते मरतात. कमी दाखवणारा जास्त वाईट, कारण जिवंत वायर मेलेली समजून तुम्ही हात घालाल. म्हणून बंद लाइनला हात लावायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मीटर एकदा चालू सॉकेटवर लावून बघायचाच. नऊ व्होल्टचे रिचार्जेबल सेल वापरत असाल तर त्यांचं व्होल्टेज मुळात कमी असतं, खूण लवकर येते. आणि मागचं झाकण उघडताना प्रोब कशालाही लागलेले नकोत.

काका अजूनही कुणाच्या लग्नात भेटले की तो मीटर खराब होता म्हणतात. तो मीटर माझ्याकडेच आहे. सेलवर मार्करनं तारीख घालतो, खूण दिसली की त्याच दिवशी बदलतो. काल सकाळी सोसायटीच्या पंपाच्या पॅनलवर त्यानं २२९ दाखवले, माझ्या नव्या मीटरनं २३०.